अमानतीचं कुलूप

वर्गशिक्षकाच्या पेन ड्राइव्हवर काय नसतं! शिष्यवृत्तीच्या एका यादीत मुलींचे आधार क्रमांक, बँक खाती, वडिलांचं उत्पन्न. पालकांनी विश्वासाने दिलेली ही अमानत आहे.

अशा फायलींसाठी मी ‘एज’ वापरते. टर्मिनलवर चालणारं हे छोटं, मोफत साधन. त्याची १.० आवृत्ती २०२१ मध्ये आली. ते किल्ल्यांची जोडी बनवून देतं. जाहीर किल्ली खुशाल वाटा, तिने फक्त कुलूप लागतं. उघडणारी गुप्त किल्ली मात्र कुणालाही द्यायची नाही.

तरी एवढं ध्यानात ठेवा. कुलूपबंद प्रत तयार झाली तरी मूळ फाइल जागेवरच असते. पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल पुन्हा काढता येऊ शकते, म्हणून तिथे बंद प्रतच न्यावी. फाइलचं नाव झाकलं जात नाही. त्यात मुलीचं नाव नको. जाहीर किल्लीने कुणीही फाइल बंद करू शकतं, म्हणून ती पाठवली कुणी, हे कुलपावरून कळत नाही. फोन करून विचारावं.

आणि गुप्त किल्ली हरवली, तर ‘पासवर्ड विसरलात का?’ असं विचारणारं इथे कुणी नाही. तिची एक प्रत कागदावर उतरवून घरच्या कपाटात, रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवावी.