वैलावरची माणसं

घरोघरी मातीच्या चुली, असं कुणी म्हटलं की सांगणारा माणूस गप्प होतो. जावांचं पटत नाही, लेक माहेरी येऊन राहिली आहे, भाऊ दिवाळीलाही आला नाही. काहीही असो, घरातलं मोठं माणूस ही म्हण उच्चारतं आणि विषय चहाकडे वळतो. म्हणणाऱ्याच्या मनात माया असते. ‘तुझ्या एकटीच्याच घरात असं नाही’ हा दिलासा खोटाही नाही. मग तो ऐकून माणूस आणखी एकटा का पडतो, हे मला काही केल्या सुटत नाही.

मातीची चूल एकदा घातली की झालं, असं कधीच नव्हतं. साताऱ्याकडच्या आमच्या घरात आजी ती स्वतः घालायची. माती चाळायची, भुसा नि शेण घालून मळायची, थोडी थोडी चढवत न्यायची आणि सावलीत वाळवायची. उन्हात ठेवली की तडे जातात. नंतरही जायचेच. म्हणून रोज सकाळी आदल्या रात्रीची राख काढून पोतेरं फिरवायचं, तेही जाळ करण्याआधी. तापल्या चुलीला लेप धरत नाही. म्हण चुली मातीच्या आहेत एवढं सांगते आणि थांबते. रोज सारवणारा हात कुणाचा, ते सांगत नाही. बहुतेक घरांत तो बाईचाच होता, आणि ती थकली की चूल खचायची.

चूल आधी गार होऊ द्यावी, हे कायद्यानेही मानलं. 1976 साली हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीच्या घटस्फोटाची सोय आली, तेव्हा अर्ज केल्यावर किमान सहा महिने थांबण्याची अट आली. 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्याने न्यायालयावर आधी समेटाचा प्रयत्न करण्याची जबाबदारी टाकली, सोबत समुपदेशकांची तरतूद केली. पुढे 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ती सहा महिन्यांची अट प्रत्येक प्रकरणात बंधनकारक नाही. एकत्र येण्याची शक्यताच उरली नसेल तर ती माफ करता येते. मला दोन्ही पटतं. थांबल्याने काहींचं घर सावरतं, आणि थांबल्याने काहींची उरलीसुरली आपुलकीही संपते. कुणाचं काय होणार, हे आधी कसं ओळखायचं? जिच्यावर हात उगारला जातो तिला मात्र ‘थांब’ म्हणणं म्हणजे उगारणाऱ्याला साथ देणं. तिच्या हाती 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा द्यावा, म्हण नव्हे. एवढं मी ठाम सांगते. पुढचं ठाम नाही.

कारण मनात खरं घोळतंय ते वैल. चुलीला लागून ते दुसरं तोंड असतं. त्याखाली वेगळं लाकूड घालत नाहीत, मोठ्या चुलीची धग आतून तिथवर जाते. आजी त्यावर दूध ठेवायची, कधी आमटी. इकडे जाळ भडकला की तिकडचं दूध उतू जायचं, इकडे विझला की तिकडची आमटी निवायची. परस्परसंमतीच्या अर्जावर दोनच नावं असतात. वैलावर किती माणसं असतात, ते कुठेच लिहिलेलं नसतं.

मुलांचा निदान विचार होतो. ताबा कुणाकडे, भेट कधी, मे महिन्याची सुटी कुठे, हे कागदावर येतं. पण माझ्या ओळखीत एक सासरे आहेत. इन्सुलिनची सुई कशी टोचायची ते त्यांना सुनेनं शिकवलं. पहिले कितीतरी दिवस तीच टोचायची. आता ती दुसऱ्या शहरात आहे, मुलाचं दुसरं लग्न ठरतंय. तिला वाढदिवसाला फोन करावा की नाही, हे त्यांना कुणाला विचारता येत नाही. मुलाला विचारलं तर तो दुखावतो. बायकोला विचारलं तर ती रडते. आपली जनगणना कुटुंब मोजते ते सामाईक स्वयंपाकघरावर, म्हणजे त्या हिशेबाने ती आता त्यांची कुणी नाही.

मला आधी वाटत होतं, त्यांनी बेलाशक फोन करावा. माया करायला नातं कायद्याने शाबूत असावं लागत नाही. मग तिच्या बाजूने विचार केला. ती नव्याने घर मांडत असेल. ‘बाबा’ हे नाव फोनवर उमटलं की मागचं सगळं पुन्हा अंगावर येत असेल. त्यांची माया हे तिला ओझं होणारच नाही, असं मी कशाच्या बळावर म्हणू? आणि तीही तिकडे त्यांच्या फोनची वाट पाहत असेल, तर?

कुटुंब न्यायालयात समुपदेशनाचं काम केलेल्या कुणाच्या हाती हा लेख पडला, तर कृपा करून लिहा: अशा सासऱ्यांना तुम्ही काय सांगता?