कोष्टकातील रिकामे घर

तंजावरास बदलून आल्यापासून ‘विमान’ या शब्दाने आमची पंचाईत केली आहे. येथील लोक बृहदीश्वराच्या शिखरास विमान म्हणतात. राजराज चोळाने १०१० साली पुरे केलेले, दोनशे फुटांहून उंच, हजार वर्षे जागचे न हललेले. दुसरी विमाने गावाबाहेरच्या हवाई दलाच्या तळावरून उडतात. ब्राह्मोस वाहणाऱ्या सुखोईंची २२२ वी तुकडी येथे जानेवारी २०२० मध्ये आली. आपल्या सुखोई बहुतेक नाशिकजवळच्या ओझरला बांधलेल्या. तेव्हा एकोजीराजांनंतर इकडे आलेली ही दुसरी मराठी फौज, असे आम्ही पाहुण्यांस ऐटीत सांगतो.

गेल्या पोंगलला बंगळूरचा आमचा भाचा आला. वैमानिक ज्यावर शिकतात त्या सिम्युलेटरमधील विमानावर हवा किती जोर करील, याचे गणित मांडणे ही त्याची नोकरी. कल्लणईच्या रस्त्याने जाताना त्याने आम्हांस मोटारीच्या खिडकीबाहेर हात धरावयास लावले. तळवा किंचित वर कलता करताच हात उचलला गेला. आणखी कलता केला, आणखी उचलला गेला. आणि एका कोनापलीकडे उचलणे सरले, हात नुसता मागे लोटला गेला.

“मामा, हाच स्टॉल,” तो म्हणाला.

सूत्र म्हणाल तर साधे आहे. हवेची घनता, वेगाचा वर्ग आणि पंखांचे क्षेत्रफळ यांचा गुणाकार करावा, त्याचे निम्मे घ्यावे व एका गुणांकाने गुणावे. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. सारी मेख त्या गुणांकात! तो कोनागणिक बदलतो, वेगागणिक बदलतो, पंखाखाली ओझे टांगले तरी बदलतो. म्हणून वाऱ्याच्या बोगद्यात नमुने ठेवून आणि प्रत्यक्ष उड्डाणे करून त्याची कोष्टके भरतात, व संगणक ती सेकंदात कितीतरी वेळा वाचून विमान हलवितो.

“आणि कोष्टक संपले म्हणजे?” आम्ही विचारले.

१ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान अटलांटिकवर असताना त्याच्या वेगमापक नळ्या बर्फाने चोंदल्या. गोंधळात नाक वर ओढले गेले, विमान स्टॉल झाले आणि सुमारे साडेतीन मिनिटांत समुद्रात कोसळले. २२८ माणसे गेली. तेव्हाच्या सिम्युलेटरांची कोष्टके बहुधा स्टॉलच्या उंबरठ्याशीच थांबत. पलीकडचे विमान कसे वागते, हे त्यांत शिकावयास मिळत नसे. पूर्ण स्टॉल शिकविणाऱ्या सिम्युलेटरांसाठी अमेरिकेच्या नियामकांनी नवे नियम केले ते २०१६ साली.

भाच्याने पुढे खालच्या आवाजात सांगितले, की एकदा त्यानेही रिकाम्या घरांत शेजारच्या आकड्यांवरून अंदाज भरले होते. आलेख सुरेख दिसला. एका जुन्या वैमानिकाने तो उडवून पाहिला आणि म्हणाला, “तुमचे विमान फारच सभ्य आहे.” भाच्याने ती पाने काढून टाकली.

आम्ही गप्प होतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये गज वादळाने या जिल्ह्यातील नारळी आडव्या केल्या, तेव्हा नुकसानीच्या तक्त्यात एका गावाचे घर आम्हीही असेच शेजारच्या गावांवरून भरले होते. रस्ता बंद होता. तक्ता त्या संध्याकाळीच पाठवावयाचा होता. हे आम्ही त्याला सांगून टाकले.

“मग त्या गावात गेलात, मामा?”

“गेलो,” आम्ही म्हणालो, “पाच महिन्यांनी.”