काट्याची थरथर

मारुती ८०० चा डॅशबोर्ड घरी उघडता येतो, हे मला या गाडीचं मोठं सुख वाटतं. डिसेंबर १९८३ मध्ये तिची विक्री सुरू झाली, जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. मधल्या काळात कितीएक घरांनी पहिली चारचाकी म्हणून तिलाच हळदकुंकू लावलं. आमची अजून चालते. फक्त चाळीसच्या पुढे वेगाचा काटा थरथरू लागला आहे आणि ती थरथर मला बघवत नाही.

दोष बहुधा काट्याचा नसतो. गिअरबॉक्सकडून मीटरकडे एक लवचीक केबल येते. तिच्या नळीतली पिळाची तार चाकांच्या वेगाप्रमाणे फिरत असते आणि वरच्या टोकाला, मीटरमध्ये, छोटं लोहचुंबक फिरवते. चुंबकाजवळ ॲल्युमिनियमची वाटी असते, त्याला न टेकलेली. चुंबक फिरलं की वाटीत विजेचे भोवरे उठतात, वाटी त्याच्यामागे वळू पाहते आणि एक नाजूक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत वाटी जिथे थांबते, तिथे काटा थांबतो. ऑटो शुल्त्से या जर्मन संशोधकाने १९०२ मध्ये याचं पेटंट घेतलं. स्पर्श न करता एकाने दुसऱ्याला वळवावं, याचं मला दर वेळी नव्याने नवल वाटतं. वंगण वाळलं की तार नळीत अडखळते, सुटते, पुन्हा अडखळते. काटा तेवढंच सांगत असतो.

तिथवर पोचायचं तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडायचं. भल्या सकाळी हे काम काढू नये. वर्षानुवर्षं ऊन खाल्लेलं प्लॅस्टिक ठिसूळ होतं, गारव्यात त्याचे खटके बोटांखाली मोडतात. गाडी उन्हात जरा तापली की तेच प्लॅस्टिक थोडं वाकायला तयार होतं. दिसणारे सगळे स्क्रू काढूनही भाग हलत नसेल, तर न दिसणारा एखादा राहिलेला असतो: ॲशट्रेच्या मागे, नाहीतर एखाद्या झाकणाखाली. तो बोटांनी चाचपत शोधावा लागतो. कपलर सोडवताना वायर ओढायची नाही, त्याचा कान दाबायचा.

जोडणाऱ्याने शेवटी बसवलेलं आपल्या हाती आधी येतं. भाग निघत जातात तसं गुडगावच्या कारखान्यातल्या त्या कुणाचं काम आपल्यासमोर उलटं उलगडत जातं. मीटर बाहेर आल्यावर मी बराच वेळ आतच बघत बसलो. वायरींच्या जुडग्याला काळी टेप गुंडाळलेली होती, तिरकी, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर सारखाच चढलेला. असली जुडगी आजही बहुतांशी माणसांच्या हातांनीच तयार होतात. गाडी धडधाकट असेपर्यंत कुणाच्या नजरेला न पडणारी ही जागा. पण गुंडाळणाऱ्या हाताने कुठे घाई केलेली नाही. मला त्या हाताबद्दल फार आदर वाटला. डॅशबोर्डच्या पुढच्या, चकचकीत बाजूचं कौतुक सगळेच करतात. गाडी इतकी वर्षं चालली ती या बाजूच्या जोरावर.

नव्या गाड्यांत ही वाट इतकी मोकळी नाही. जुलै २०१९ पासून भारतात प्रत्येक नव्या कारला चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. त्यामुळे जीव वाचतात, तेव्हा तक्रार नाही. पण बॅटरी सोडल्यावरही त्या यंत्रणेत काही वेळ वीज साठून राहते. तिथल्या पिवळ्या कपलरांना घरी हात लावू नये, ते काम जाणत्या मेकॅनिकचं.

तार बाहेर ओढली, चिंधीने पुसली, बोटाने ग्रीस लावलं. वरचं टोक जवळपास कोरडंच ठेवलं, कारण तिथलं ग्रीस चढत चढत मीटरमध्ये शिरतं. मग जोडणी. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू बसवताना तो आधी उलटा फिरवायचा. जुन्या आट्यांवर आला की बोटांना बारीकसा ‘टक्’ जाणवतो, तिथून सुलटा पिळायचा. सरळ दामटला तर नवे आटे पडतात आणि जुन्यांचा भुगा होतो.

मीटर बसवलंय, केबल जोडलीय, बॅटरीही. वरची चौकट मात्र अजून मागच्या सीटवरच आहे. आधी हमरस्त्यावर जाऊन पन्नासवर काटा बघायचाय.