कमरेला लावलेलं पिस्तूल

नोव्हेंबर २००८. न्यूयॉर्कच्या एका नाइटक्लबात अमेरिकन फुटबॉलमधला नावाजलेला खेळाडू प्लॅक्सिको बरेस याच्या मांडीत गोळी घुसली. पिस्तूल त्याचंच, ग्लॉक. होल्स्टर नव्हतं, ते नुसतंच पँटच्या कमरेत खोचलेलं होतं. घसरू लागलं आणि सावरताना चाप दाबला गेला. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेता गोविंदाच्या पायाला त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं, असं त्याच्या व्यवस्थापकानं सांगितलं.

ऐकणाऱ्याला दोन्ही अपघात सारखेच वाटतात. पिस्तूल बाळगायला शिकवणारे अमेरिकेतले उस्ताद मात्र आधी विचारतात: हत्यार पडलं, की चाप दाबला गेला?

पडण्यावर कारखान्यांनी पुष्कळ डोकं चालवलं आहे. १८७३ च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये फायरिंग पिन घोड्यालाच जडवलेली असे. घोडा खाली बसला की पिन थेट काडतुसाच्या बुडाला टेकायची, वरून फटका बसला की बार. म्हणून जाणते लोक सहा घरांत पाचच गोळ्या भरत आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवत. पुढे ट्रान्सफर बार आला. चाप ओढल्यावरच एक पोलादी पट्टी वर सरकते आणि घोड्याचा तडाखा पिनपर्यंत पोचवते. एरवी घोडा पिनला शिवतच नाही. रूगर कंपनीनं १९७३ मध्ये आपल्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरांत तो बसवला आणि सहावं घर भरायची सोय झाली.

हा प्रश्न कायमचा निकालात निघाला, असंही नाही. २०१७ मध्ये सिग सावर कंपनीचं पी-३२० पिस्तूल एका विशिष्ट कोनात आपटलं की सुटतं, हे चाचण्यांत दिसलं. चापाचंच वजन आपटल्याच्या झटक्यानं त्याला मागे खेचत होतं. कंपनीनं हलका चाप फुकट बसवून द्यायची योजना काढली.

चाप दाबला जाण्याचं दुखणं वेगळं. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्यानं स्वीकारलेल्या ग्लॉकला बाहेरून सेफ्टीचा खटकाच नाही. त्याच्या तिन्ही सेफ्ट्या चाप ओढता ओढता आपोआप सुटतात. ओढणारं बोट आहे की जॅकेटच्या नाडीची गाठ, हे त्यांना कसं कळावं? न्यूयॉर्क पोलिसांनी त्यावर जड चापाचा तोडगा काढला, सुमारे साडेपाच किलोचा. पण तो ओढताना नेम हलतो. उलट, १९११ मॉडेलच्या कोल्टला अंगठ्याचा खटका आहे, मुठीतही सेफ्टी आहे. तरी घोडा चढवलेलं ते पिस्तूल पोटाशी बाळगताना नवख्याला घाम फुटतो, आणि खटका नसलेलं ग्लॉक तोच माणूस निर्धास्त खोचतो. डोळ्याला दिसतो तो चढवलेला घोडा.

म्हणून उस्ताद पिस्तुलाआधी होल्स्टर बघतात. कायडेक्स या कडक प्लास्टिकचं, चाप पुरता झाकणारं, जाड पट्ट्याला घट्ट बसणारं. मऊ कातड्याची कड झिजून आत दुमडली की तीच चापावर बसते. पिस्तूल परत आत घालताना डाव्या हातानं शर्ट छातीपर्यंत वर, बोट चापापासून दूर, नजर होल्स्टरच्या तोंडावर. पिस्तुलाचा घोडा बाहेर असेल आणि चढवलेला नसेल, तर अंगठा घोड्यावर टेकवलेला. आत काही अडकून चाप हललाच, तर मागे येऊ पाहणारा घोडा अंगठ्याला लगेच जाणवतो.

एवढं करूनही ज्याची धास्ती जात नाही, त्याला जुनी युक्ती सांगतात. गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवायच्या, पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करायची, स्लाइड ओढून ते ताणून ठेवायचं आणि होल्स्टरमध्ये घालून घरभर वावरायचं. वाकायचं, जिना चढायचा, खुर्चीत रेलायचं. संध्याकाळी काढून बघायचं. ग्लॉकचा चाप एकदा ओढला गेला की मागेच राहतो. आठवडाभर रोज संध्याकाळी तो पुढेच दिसला, म्हणजे इतक्या उठाबशांत तो कशानंही ओढला गेलेला नाही.