पिनकोडचे सहा आकडे आणि आठाची पट

सोलापुरी चादरी आणि टॉवेल देशभर पाठवणाऱ्या पेढीच्या डेटाबेसमध्ये ऑर्डर शोधायची ती बहुधा पिनकोडवरून नाहीतर मोबाइल नंबरवरून. श्रीराम भिकाजी वेलणकरांची पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाली. तिच्यातला ४१३००१ हा सोलापूरचा पिन पूर्णांक म्हणून साठवला तर ४ बाइट लागतात, मजकूर म्हणून साठवला तर ७. म्हणजे पूर्णांकाचा इंडेक्स लहान, असं सर्रास धरलं जातं. पोस्टग्रेसमध्ये ते खरं ठरत नाही. ६४ बिटी यंत्रावर बी-ट्री इंडेक्सच्या प्रत्येक नोंदीला आधी ८ बाइटचं शीर्ष लागतं आणि मग अख्खी नोंद ८ च्या पटीत नेऊन बसवली जाते. त्यामुळे ८ आणि ४ मिळून १२ चे होतात १६, आणि ८ आणि ७ मिळून १५ चेही १६. पानावर नोंद कुठे आहे हे सांगणारे ४ बाइट धरले की दोन्हीकडे २०. पिन मजकुरात ठेवायचा की अंकात, हे तुलनेच्या वेगावर ठरवावं. जागेचं कारण इथे लागूच होत नाही.

मोबाइल नंबरला मात्र ते लागू होतं. दहा आकडी नंबर मजकुरात ११ बाइट घेतो. शीर्षासह १९, म्हणून २४, शेवटी २८. आठ बाइटी पूर्णांकात तोच नंबर २० मध्ये बसतो. ८१९२ बाइटच्या पानात नोंदींसाठी ८१५२ उरतात, म्हणजे काठोकाठ भरलं तरी एकीकडे ४०७ नोंदी, दुसरीकडे २९१.

डिस्क स्वस्त आहे, हा आक्षेप मला पटत नाही, कारण ही पानं शोधाच्या वेळी मेमरीत यावी लागतात आणि मेमरी मोजकीच असते. दुसरा आक्षेप वजनदार आहे: २०२० च्या तेराव्या आवृत्तीपासून पोस्टग्रेस सारख्या किमती एकत्र बांधतं. पिनला त्याचा भरपूर फायदा होतो, कारण एकाच पिनवर शेकडो ऑर्डरी असतात. पण ग्राहकांच्या यादीत प्रत्येक नंबर वेगळा. तिथे एकत्र बांधायला काही नसतं आणि आठाची पट पूर्ण भरावी लागते.

कॉलमांच्या क्रमाचंही असंच. शाखा, मोबाइल, पिन असा पूर्णांकांचा इंडेक्स केला तर मधल्या आठ बाइटी नंबराआधी ४ बाइट रिकामे सुटतात आणि नोंद ३२ वर जाते. पिन अलीकडे घेतला की २४. तरीही शोध शाखा आणि मोबाइल एवढ्यावरच होत असेल, तर आठ बाइटांसाठी मी हा क्रम बदलणार नाही. तिन्ही किमती दर वेळी दिल्या जात असतील, तर लगेच बदलेन.