घाईच्या दगडातला सावकाशपणा

मंचर सुटलं, घोडेगाव मागे पडलं आणि डिंभ्याचं पाणी दिसू लागलं की भीमाशंकरच्या प्रवाशाला जंगलाचे वेध लागतात. शेकरू दिसेल ना, एवढीच काळजी. रस्त्यासाठी कापलेल्या दरडीकडे कोण बघतो? आम्ही काहीजण बघतो. घरच्यांनी आता बोलणं सोडून दिलंय.

सह्याद्रीचा कातळ तसा घाईत जन्मलेला. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी हजार अंशांहून अधिक तापलेला लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि उघड्यावर निवाला. स्फटिकांना वाढायला फुरसतच मिळाली नाही. म्हणून नुसत्या डोळ्यांना दिसतो तो नुसता काळा दगड, ज्यात लेण्याद्रीची लेणी कोरली गेली.

मात्र मंचर आणि गिरवली ही आंबेगाव तालुक्यातली नावं भूशास्त्रात गेली ती वेगळ्याच दगडामुळे. तिथल्या थरांत प्लॅजिओक्लेज या खनिजाचे बोटाच्या पेराएवढे, कधी त्याहूनही लांब, फिकट स्फटिक पडलेले असतात, गुळाच्या पाकात खोबऱ्याचे काप पडावेत तसे. भीमाशंकरच्या नावाचाही एक थरसमूह आहे. त्याच्या माथ्यावर गिरवलीचा हा भरड थर येतो. एवढे मोठे स्फटिक उघड्यावर निवताना होणं शक्य नाही. ते जमिनीखाली खोल, साचून राहिलेल्या शिलारसात आधीच वाढले. शतकं, कदाचित हजारावर वर्षं. मग उद्रेक झाला आणि लाव्हा त्यांना तयार स्थितीतच वर घेऊन आला. म्हणजे घाईच्या पोटात सावकाशपणा आधीपासूनच होता.

गिरवलीच्या डोंगरावर 2006 पासून आयुका या खगोलसंस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. तिथे जाणाऱ्यांच्या माना वर. पायाखाली काय आहे, हे विचारणारा विरळाच.

कातळातल्या पोकळ्यांची गोष्ट या मोठ्या स्फटिकांच्या उलट. तिथले स्फटिक वाढले ते लाव्हा निवल्यानंतर. लाव्ह्यातून निसटू न शकलेल्या वायूचे बुडबुडे दगडात अडकून राहिले. सगळं थंडावत गेल्यावर कातळात मुरलेल्या कोमट, खनिजं विरघळलेल्या पाण्यानं त्या रिकाम्या जागा भरायला घेतल्या. कुठे क्वार्ट्झ, कुठे कॅल्साइट, कुठे मोतिया स्टिल्बाइट, कुठे पाण्यासारखं नितळ अपोफिलाइट. जागा मोकळी असल्यानं स्फटिकाला आपले कोन, आपली टोकं नीट घडवता आली. भरीव कातळात ही मुभा कुठली!

पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत तर पांढऱ्या स्टिल्बाइटवर गर्द निळं कॅव्हन्साइट सापडलं. हे खनिज पहिल्यांदा मिळालं अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये, 1967 साली. पण जगभरचे संग्राहक हात पुढे करतात ते वाघोलीच्या नमुन्यांसाठी. त्या खाणी मात्र खडीच्या. सुरुंग लागायचा, दगड क्रशरमध्ये जायचा. किती निळाई रस्त्यांखाली गेली असेल, त्याचा हिशेब कोण ठेवणार? खाणवाल्याला तरी बोल कसा लावायचा? त्याचं गिऱ्हाईक भरीव दगड मागतं. पोकळी निघाली की त्याच्या लेखी माल खराब.