बर्फाच्या गावातली मंडळी



इथे सगळे आपापल्या गावच्या आठवणी लिहितात. मी इंदूरचा. तिथेच बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, आणि २०१० साली आमची स्टेट बँक ऑफ इंदौर मोठ्या स्टेट बँकेत विलीन झाली त्याच वर्षी निवृत्त झालो. पण आज लिहितोय ते इंदूरपासून फार लांब काढलेल्या एका हिवाळ्याबद्दल. इंदूर त्यात शेवटी येईलच.

सौ. २०१९ मध्ये गेली. त्यानंतर घरात मी एकटाच. मुलगी अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात, मिनिॲपोलिसपासून तासाभरावरच्या एका लहान गावात. तिनं धोशा लावला, "बाबा, एक हिवाळा तरी आमच्याकडे काढा." २०२२ च्या नोव्हेंबरात गेलो. मुलगी-जावई सकाळी सातला घराबाहेर, नात शाळेत. मी खिडकीशी. बाहेर बर्फ, आणि माणूस औषधाला नाही.

पहिला मोठा बर्फ पडला त्या सकाळी उठून पाहतो, तर शेजारचे गृहस्थ आमच्या दारातला बर्फ यंत्रानं उडवतायत. वय ८१, निवृत्त शेतकरी, बायको जाऊन चार वर्षं झालेली. मी कोट चढवून आभार मानायला बाहेर गेलो. ते म्हणाले, "यंत्र बाहेर काढलंच होतं, म्हटलं तुमचाही काढून टाकू." मग सहज विचारल्यासारखं, "बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये सूप असतं. येता का?"

खरं सांगतो, मी बिचकलो. धर्मांतराचं काही असेल का? मुलगी हसली. म्हणाली, "बाबा, हे लुथरन लोक आहेत. ते तुम्हाला कॉफीशिवाय कशाचाही आग्रह करणार नाहीत." तसंच झालं. साडेतीन महिन्यांत माझ्या देवाबद्दल मला कुणी एक शब्द विचारला नाही. मी आपण होऊन सांगितलं तेव्हा मात्र नीट ऐकून घेतलं.

लुथरन हा शब्द मला नवा नव्हता. चौऱ्याऐंशी ते सत्त्याऐंशी मी छिंदवाड्याला होतो. तिथलं चर्च लुथरनच, एकोणिसाव्या शतकात स्वीडनहून आलेल्या मिशनऱ्यांनी उभारलेलं. बैतूलजवळचं पाढरचं इस्पितळही त्यांच्याच चर्चचं. आमच्या शाखेतला एक कारकून त्या चर्चचा, नाताळात सगळ्यांसाठी केक आणायचा. आम्ही केक खायचो आणि पुन्हा लेजरमध्ये डोकं घालायचो. त्याच्याकडे नाताळ कसा असतो, हे तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही. असो.

हे लोक मार्टिन ल्यूथर या सोळाव्या शतकातल्या जर्मन धर्मसुधारकाची परंपरा मानणारे. नॉर्वे, स्वीडन, जर्मनीतून त्यांचे पूर्वज मिनेसोटात शेती करायला आले आणि प्रत्येकानं आपापल्या भाषेचं चर्च बांधलं. पुढे इंग्रजी आली, चर्चं एकमेकांत मिसळत गेली. आताची त्यांची मोठी राष्ट्रीय संस्था १९८८ साली तीन संस्थांच्या विलीनीकरणातून झाली. विलीनीकरण म्हटल्यावर माझे कान टवकारणारच! शेजारच्या आजोबांच्या आजीला इंग्रजी जेमतेम यायचं. आजोबांना स्वतःला नॉर्वेजियनमधली फक्त जेवणाआधीची प्रार्थना येते, तीही पाठ म्हणून. एकेका शब्दाचा अर्थ विचारला तर हसतात. मला माझी नात आठवली. तिला शुभंकरोति येतं. त्यापुढे मी विचारत नाही.

तर बुधवारचं सूप. नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे ॲडव्हेंट, आगमनाचा काळ. हिरव्या डहाळ्यांच्या चक्रात चार मेणबत्त्या असतात, दर रविवारी एक जास्त लावायची. या काळात दर बुधवारी चर्चच्या तळघरात सूप आणि पाव, मग वर अर्ध्या तासाची शांत प्रार्थना. सुपाची पातेली घरोघरून यायची. पहिल्या बुधवारी मी कोरडा पाव खाल्ला, कारण प्रत्येक पातेल्यात काही ना काही मांस होतं. कुणाला बोललो नाही. दुसऱ्या बुधवारी एका पातेल्यापुढे चिठ्ठी होती, 'मांस नाही'. ती कुणी ठेवली, शेवटपर्यंत कळलं नाही. चिठ्ठी मात्र दर बुधवारी होती.

मग मी गुंततच गेलो. मंगळवारी सकाळी आठ-दहा बायका गोधड्या शिवायच्या. हो, गोधड्याच! जुन्या चादरी, पडदे, शर्ट यांचे चौकोन जोडायचे, आत अस्तर घालायचं आणि टाक्यांऐवजी जागोजागी लोकरीच्या धाग्यानं गाठी मारायच्या. माप ६० इंच बाय ८० इंच. लुथरन वर्ल्ड रिलीफ नावाची त्यांची मदतसंस्था आहे, १९४५ पासूनची. तिच्यामार्फत या गोधड्या जगभर जातात, युद्धातून, भूकंपातून वाचलेल्यांकडे. माझ्याकडे गाठी मारायचं काम आलं. बँकेत नोटांची बंडलं बांधलेला हात, गाठ पक्की बसायची. आमच्या घरी हिच्या जुन्या नऊवारीची, माझ्या आईनं शिवलेली एक गोधडी अजून आहे. मी त्या बायकांना तिच्याबद्दल सांगितलं. एक ८८ वर्षांच्या बाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही आमच्यातलेच."

डिसेंबरात एका शनिवारी लेफ्सा करायचा कार्यक्रम. ही नॉर्वेजियन पोळी. उकडलेला बटाटा बारीक करून त्यात लोणी, साय आणि मैदा घालायचा, खाचांच्या लाटण्यानं कागदासारखी पातळ लाटायची आणि मोठ्या गोल तव्यावर तेलाशिवाय भाजायची. उलटायला लांब चपटी काठी. गरम पोळीवर लोणी-साखर, आणि गुंडाळी. मला वाटलं, ही असती तर पाच मिनिटांत त्या सगळ्यांना मागे टाकलं असतं. त्याच दिवशी ल्युटेफिस्कही होता. वाळवलेला मासा क्षारात भिजवून फुगवलेला, त्यावर वितळलेलं लोणी. वासावरूनच मी हात जोडले. आजोबा कानात म्हणाले, "आम्हालाही आवडत नाही. पण आजोबा खायचे, म्हणून खातो." लुसियाच्या दिवशी, १३ डिसेंबरला, पांढऱ्या झग्यातल्या मुली डोक्यावर दिव्यांचे मुकुट घालून अंधारातून गात आल्या. दिवे आता बॅटरीचे. केस जळू नयेत म्हणून.

बँकेचा माणूस म्हणून मला सगळ्यात भावली ती मोजणी. रविवारच्या प्रार्थनेनंतर दानाचे पैसे दोन जण मिळून मोजतात. एकाच घरातले दोघे चालत नाहीत. दोघांच्या सह्या, मग बँकेत भरणा. अहो, ही तर आपली जॉइंट कस्टडी! पास्टर बाईंना मी तसं म्हणालो. (हो, पास्टर बाई होत्या. त्यांच्याकडे १९७० पासून स्त्रियाही पाळक होतात.) त्या म्हणाल्या, "दोघं मोजतात ते संशय आहे म्हणून नाही. कुणावर संशय यायची वेळ येऊ नये म्हणून."

हे वाक्य मला लागलं. का, ते पुढे सांगतो.

नाताळाच्या आधी मोठं वादळ आलं. तापमान उणे २० सेल्सियसच्या खाली, वारा असा की समोरचं घर दिसेना. मुलगी-जावई घरून काम करत होते. सकाळी नऊला फोन वाजला, माझ्यासाठी. गोधडीवाल्या एक बाई. "घर गरम आहे ना? औषधं आहेत?" चर्चमध्ये म्हाताऱ्यांची यादी असते, वादळात प्रत्येकाला फोन जातो. मी म्हटलं, मी तर मुलीकडे आहे. त्या म्हणाल्या, "ते ठीक आहे हो, पण तुमचं नाव यादीत आहे." इंदूरला तीन वर्षं मी एकटा राहत होतो. माझं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. त्याला कारणही मीच होतो.

सगळं छान छान होतं असं समजू नका. तिथेही मंडळी म्हातारी होत चाललीय, रविवारच्या शाळेत मुलं नऊच. भांडणंही आहेत. २००९ साली त्यांच्या राष्ट्रीय सभेनं, समलिंगी जोडीदारासोबत राहणाऱ्यांनाही पाळक होता येईल, असा निर्णय घेतला. त्यावरून कितीतरी चर्चं फुटली. यांच्यातलेही काही जण उठून दुसऱ्या चर्चला गेले. आजोबांचा सख्खा धाकटा भाऊ त्यांच्यात होता. मी विचारलं, "मग आता बोलणं आहे?" ते म्हणाले, "त्या विषयावर नाही. पण त्याची कंबर दुखते, म्हणून त्याच्या दारातला बर्फ मीच काढतो." आणि थोडं थांबून, "भांडण संपेपर्यंत बर्फ थांबत नाही ना."

आता इंदूर.

निवृत्तीनंतर मी आमच्या भागातल्या मराठी मंडळाचा खजिनदार झालो. चिटणीस होते त्यांना मी भाऊ म्हणायचो. रोजचं येणं-जाणं, हिवाळ्यात रात्री सराफ्यात गराडू खायला जोडीनं जायचो. २०११ च्या वार्षिक सभेत मी हिशेब मांडताना सांगितलं, गणेशोत्सवाच्या मांडवाच्या ११,४०० रुपयांचं व्हाउचर नाही. हे मी आधी भाऊंना घरी जाऊन विचारू शकलो असतो. विचारलं नाही. भर सभेत, सव्वाशे माणसांपुढे वाचलं. खर्च भाऊंच्या हातचा होता. कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांनी भाऊंकडे पाहिलं. मी खजिनदारकी सोडली, त्यांनी चिटणीसपद. पाच-सहा महिन्यांनी मांडववाल्याकडून पावती मिळाली. रक्कम बरोबर होती. मला नव्या खजिनदारानं मुद्दाम घरी येऊन दाखवली.

मी गेलो नाही. प्रश्न विचारला यात चूक काय, ते माझं कामच होतं, असं स्वतःला सांगत राहिलो. एकाच गल्लीत अकरा वर्षं. मंडळाची पायरी चढलो नाही. ही गेली तेव्हा भाऊ स्मशानात आले होते. मागे उभे राहिले आणि मी वळून पाहीपर्यंत निघून गेले. तेव्हाही गेलो नाही. आपल्याकडची थंडी मऊ. एक स्वेटर घातला की भागतं, कुणावाचून अडत नाही. माणसाला रुसून बसणं परवडतं.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी त्या चर्चची वार्षिक सभा झाली. छापील अहवाल, अंदाजपत्रक, भट्टीच्या दुरुस्तीचा वाढलेला खर्च. मी मागे बसून आकडे तपासत होतो, सवय जात नाही. एका गृहस्थानं उठून विचारलं, बर्फ काढणाऱ्या ठेकेदाराचं एक बिल यात दिसत नाही. खजिनदार बाईंनी पानं चाळली, म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. शोधून सांगते." पुढचा विषय सुरू झाला. सभेनंतर जेवताना दोघं शेजारी बसून नातवंडांचे फोटो बघत होते. मी ताट हातात घेऊन त्यांच्याकडे बघतच राहिलो.

दोन दिवसांनी फोनवर निरोप आला, भाऊ गेले. झोपेतच.

मंडळाच्या ग्रुपवर मी नव्हतोच, भाच्यानं कळवलं. 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं आणि पुसून टाकलं. मुलीलाही काही बोललो नाही. त्याच आठवड्यात त्या गावात एका म्हाताऱ्या बाईंचा अंत्यविधी होता. अंत्यविधीनंतर तळघरात सगळ्यांना जेवण असतं, पाव, बटाट्याची कोशिंबीर, कॉफी. ते चर्चमधल्या बायकाच आळीपाळीनं करतात. मी कप धुवायला उभा राहिलो. माझ्या शेजारी कप पुसायला एक अनोळखी गृहस्थ होते, कंबरेला पट्टा बांधलेला. ते आजोबांचे भाऊ निघाले, दुसऱ्या चर्चवाले. पलीकडे आजोबा खुर्च्या उचलत होते. कपांवर कप लागत होते. मला एकदम रडू आलं. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त हातातलं कोरडं फडकं माझ्याकडे सरकवलं.

मार्चमध्ये परतलो. दुसऱ्याच दिवशी भाऊंकडे गेलो. वहिनींना सगळं सांगितलं, पावतीचंही. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हे त्यांना सांगायला हवं होतं तुम्ही." मी म्हटलं, "हो." याला दुसरं उत्तर नव्हतं. निघायला उठलो तर म्हणाल्या, "बसा, चहा टाकते."

मराठी ख्रिस्ती लोक चर्चच्या समाजाला 'मंडळी' म्हणतात, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? आपण संस्थेला मंडळ म्हणतो. माझ्याकडे मंडळ होतं, त्यातली मंडळी मी घालवली.

मंडळात पुन्हा जातो आता, मागच्या ओळीत बसतो. एक काम मागून घेतलंय. आमच्या भागात एकटे राहणाऱ्यांची यादी केली, अकरा नावं झाली. रोज सकाळी नऊला फोन करतो. थंडीत आवर्जून, पण खरं तर बाराही महिने. पहिलं नाव वहिनींचं. फोन उचलून त्या म्हणतात, "आहे हो, आहे." मग मी पुढचा नंबर लावतो.